बिननावाचे ऋण

माणूस म्हातारा होऊ लागला की नकळत पुष्कळशा गोष्टींचा राखणदार बनतो. या कामावर त्याला कोणी नेमलेले नसते. ज्या गोष्टी तो आपल्या म्हणून राखतो त्या बहुधा त्याच्या नसतातही. पण कोणी त्यांना हात लावला की तो काठी आपटीत पुढे येतो. गेल्या पावसाळ्यात मीही असाच पुढे आलो.

संध्याकाळ होती. बाहेर झड लागली होती. शेजारच्या खोलीत नात काहीतरी ऐकत बसली होती. अर्धवट उघड्या दारातून एक सूर आला आणि मी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले. तो सूर मी चौदाव्या वर्षापासून ओळखतो. योहान सेबास्टियन बाखच्या तिसऱ्या सूटमधली ती 'आरिया'. पहिलाच स्वर इतका लांबतो की ऐकणाऱ्याला आपला श्वास पुरेल की नाही अशी धास्ती वाटावी. पण आज व्हायोलिन नव्हते. एक स्त्री गात होती आणि तिच्या गाण्याला शब्द नव्हते. तिच्या भोवती आणखी काही आवाज होते. सगळ्यांच्या खाली डबल बास एकेक पाऊल टाकीत चालला होता आणि कोणीतरी ड्रमवर ब्रश असा फिरवीत होते, की अंगणात हलक्या हाताने झाडू मारल्याचा भास व्हावा.

"बंद कर ते," मी म्हणालो. आवाज मला हवा होता त्याहून मोठा निघाला.

"का हो आजोबा? छान आहे की!"

"छान असेल. पण हा बाखचा अपमान आहे."

तिने गाणे थांबवले, क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि अगदी सरळपणे विचारले, "बाखचा की तुमचा?"

मुलांच्या प्रश्नांना बोच असते ती त्यांच्या हेतूमुळे नव्हे. आपण जिथे पडदा लावलेला असतो तिथेच त्यांचा हात जातो, म्हणून ते बोचतात. मी उत्तर दिले नाही. त्या रात्री मात्र मी तिच्याकडून ती संपूर्ण ध्वनिमुद्रिका मागून घेतली आणि पुढले काही दिवस तीच ऐकत राहिलो. तिने विचारले होते ते मला टाळता येईना. पूर्वजांनी ठेवलेल्या वस्तूशी निष्ठेने वागणे म्हणजे काय? आणि ती निष्ठा पाळली की आपण ऋणातून मोकळे होतो काय?

आधी त्या ध्वनिमुद्रिकेविषयी सांगतो. वॉर्ड स्विंगल हा अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील मोबील या शहरात १९२७ साली जन्मलेला गृहस्थ. त्याच्या आडनावातच 'स्विंग' आहे, हा निव्वळ योगायोग. संगीताचे रीतसर शिक्षण घेऊन तो फ्रान्समध्ये आला, वॉल्टर गीझेकिंगसारख्या थोर पियानोवादकाजवळ शिकला आणि पॅरिसमध्येच राहिला. पोटासाठी तो आणि त्याचे सोबती ध्वनिमुद्रणांत नामांकित गायकांच्या पाठीमागे साथ गात. तबकडीवर गायकाचे नाव मोठ्या अक्षरांत असते. मागे 'आ' आणि 'ऊ' म्हणणाऱ्यांची नावे कोणी वाचत नाही. या कामाने वाचनाची धार बोथट होऊ नये म्हणून त्या मंडळींनी सरावासाठी बाखचे 'वेल टेम्पर्ड क्लॅव्हिअर' गायला घेतले. कळफलकावर वाजवण्यासाठी लिहिलेली ही प्रिल्यूड आणि फ्यूग. त्यांना शब्द नाहीत, म्हणून जॅझ गायक वापरतात ती 'दा बा दा' अशी अक्षरे त्यांनी घातली. गाता गाता त्यांच्या ध्यानात आले की स्वरलिपी आपोआप झुलू लागली आहे. जॅझची सवय त्यांच्या गळ्यात होतीच. तिने बाखमध्ये वाट काढली.

१९६३ साली फिलिप्स कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली: 'जाझ सेबास्तियाँ बाख'. आठ गळे: दोन सोप्रानो, दोन आल्टो, दोन टेनर, दोन बास. जोडीला एक डबल बास आणि ड्रम. वरच्या पट्टीतला जो आवाज मला त्या संध्याकाळी ऐकू आला, तो क्रिस्तियान लग्राँ या गायिकेचा. तबकडी अमेरिकेत गेली आणि त्या वर्षासाठीची दोन ग्रॅमी पारितोषिके या स्विंगल सिंगर्सना मिळाली. ज्यांनी बाखचे नाव फक्त ऐकले होते अशा लोकांच्या घरी बाख पोचला. ज्यांच्या घरी तो आधीच होता, त्यांतल्या काहींना ते रुचले नाही. १९७२ साली पुण्यात एका मित्राने मोठ्या कौतुकाने ही तबकडी लावली होती, तेव्हा मीही अर्ध्यातून उठून आलो होतो.

माझे आक्षेप तेव्हाही तीन होते आणि पन्नास वर्षांनंतरही तेच तीन निघाले. पहिला असा, की जिथे शब्दांनी प्रार्थना केली होती तिथे या लोकांनी अर्थहीन अक्षरे घातली. दुसरा, की बाखच्या गंभीर चालीला त्यांनी नाचरा ताल लावला. तिसरा आक्षेप मी उघडपणे मांडत नसे, पण तो सर्वांत बळकट होता. तो म्हणजे, हे सगळे फार सुखाचे आहे. जे मी कष्टाने मिळवले ते हे लोक हसत हसत वाटून टाकत आहेत.

आता मी हे आक्षेप एकेक करून तपासू लागलो. शब्द काढून टाकल्याचे पहिले उदाहरण म्हणून माझ्या डोळ्यांपुढे 'वाखेट आउफ' ही धर्मगीताची चाल होती. ती या तबकडीवर आहे. १७३१ साली बाखने या गीतावर कँटाटा रचला, त्यात ते शब्दांसह गायले जाते. पण आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत त्याच रचनेचा एक भाग त्याने स्वतः ऑर्गनसाठी उतरवला आणि छापला. ऑर्गनला कुठले शब्द? म्हणजे शब्द प्रथम काढले ते बाखनेच. स्विंगलने उचलले ते हे ऑर्गनचे रूप. बरे, अर्थहीन अक्षरांचे वावडे मला, ख्याल आणि तराणा ऐकत वाढलेल्या माणसाला, असावे हेही नवलच. 'तनन' आणि 'दिर दिर' ऐकताना मी कधी गायकाला अर्थ विचारला नाही. उस्ताद अमीर खाँसाहेब त्या अक्षरांत फारसी अर्थ दडला आहे असे आग्रहाने मांडीत. पण तो अर्थ ठाऊक नसतानाही तराण्याने आमचे डोळे भरून येत. मग तीच मोकळीक मी पॅरिसच्या आठ जणांना का देऊ नये?

तालाचे म्हणाल तर बाखच्या त्या आरियात खालचा सूर अष्टकाच्या उड्या घेत एका लयीत चालतच असतो. जॅझमध्ये बास वाजवणारा ज्याला 'चालणे' म्हणतो त्याच्याशी या चालण्याचे नाते कानाला लगेच पटते. शिवाय सतराव्या आणि अठराव्या शतकांत फ्रान्समध्ये सारख्या लांबीचे लिहिलेले स्वर एक लांब, एक आखूड असे वाजवण्याची रीतच होती. कागदावर सरळ आणि हातात झुलते. स्विंगचे मर्म याहून फार दूर नाही.

आणि या मंडळींनी स्वर बदलले म्हणावे तर तेही नाही. माझ्या मनात जी मोडतोड होती ती मला तबकडीवर सापडेना. बाखने लिहिलेले स्वर ते जवळजवळ जसेच्या तसे गातात. जॅझचा प्राण म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते गाणे, आणि तेच त्यांनी सोडून दिले आहे. फ्यूग म्हणजे एक आवाज एक विषय मांडतो, दुसरा तोच विषय उचलतो, मग तिसरा, आणि मांडणारा मात्र थांबत नाही. तो दुसऱ्याच्या बोलण्याला बोलत राहतो. पियानोवर हे सगळे एकाच माणसाच्या दोन हातांत घडते, आणि माझ्यासारख्या सामान्य कानाला मधले धागे हरवतात. इथे प्रत्येक धाग्याला स्वतःचा गळा मिळाला आहे आणि प्रत्येकाला कुठे तरी श्वास घ्यावा लागतो. सी मायनरमधला तो फ्यूग मी आयुष्यात पहिल्यांदा, एका घरातली चार माणसे बोलताना ऐकावीत तसा ऐकला.

सर्वांत मोठा धक्का पुढे होता. माझी म्हणून जी आरिया मी राखत बसलो होतो, ती व्हायोलिनच्या सर्वांत जाड तारेवर, 'जी'च्या तारेवर वाजवायची, असे मला शिकवले होते. सारे जग तिला त्याच नावाने ओळखते. पण बाखने ती तशी लिहिलेली नाही. ऑगस्ट विल्हेल्मी या जर्मन व्हायोलिनवादकाने १८७१ साली तिची पट्टी बदलली, सूर खाली उतरवला आणि तो एका तारेवर बसवला. म्हणजे एका भल्या माणसाने बाखनंतर सव्वाशे वर्षांनी केलेला फेरफार मी मूळ समजून कवटाळला होता, आणि ज्यांनी मूळ स्वर शाबूत ठेवले त्यांच्यावर काठी उगारीत होतो. १८२९ साली मेंडेल्सनने 'सेंट मॅथ्यू पॅशन' पुन्हा उभे केले तेव्हा त्यानेही बरेच भाग गाळले होते आणि जुन्या वाद्यांच्या जागी क्लॅरिनेट घातले होते. त्याने ते केले नसते तर बाख कित्येकांच्या कानांवर पडलाच नसता. स्वतः बाखने व्हिवाल्डीचे कंचेर्टो ऑर्गनवर उतरवले तेव्हा व्हिवाल्डीच्या व्हायोलिनला काय वाटले असेल?

तेव्हा नातीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. अपमान बाखचा नव्हता. उरलेले अर्धे माझ्याकडे येत होते.

ते सांगायचे तर मला एका माणसाविषयी लिहिले पाहिजे. १९५९ साली, मी बारा वर्षांचा असताना, वडिलांनी मला व्हायोलिन शिकवायला एक मास्तर ठेवले. ते गोव्यातले, साष्टीकडचे. धोबी तलावाजवळ एका कुडात, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या खोल्यांत, राहत. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवीत. तिथून निघालेल्या वादकांच्या पिढ्यांनी मुंबईची हॉटेले, लग्ने, चर्च आणि सिनेमाचे स्टुडिओ आपल्या हातांनी वाजते ठेवले. मास्तर त्यांतलेच एक. आमच्याकडे ते आठवड्यातून दोनदा येत, पांढरा इस्त्रीचा सदरा घालून. शिकवताना कधी हसत नसत. बो घाईने ओढला की एवढेच म्हणत, "सावकाश, पुता, सावकाश." दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी मला ती आरिया दिली. छापील प्रत महाग, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने ती उतरवून आणली होती. वर सुबक अक्षरांत बाखचे नाव होते आणि प्रत्येक स्वरावर कोणते बोट ठेवायचे त्याचे बारीक आकडे पेन्सिलीने घातले होते.

एका रात्री मी मामांबरोबर चर्चगेटच्या रस्त्याने चाललो होतो. एका उपाहारगृहाचे दार उघडले आणि आतून संगीताचा लोट आला. मी डोकावलो. झगमगीत कोट घातलेले चारपाच वादक, आणि त्यांच्या पुढे, डोळे मिटून, सॅक्सोफोन वाजवत आमचे मास्तर! पाय ताल धरीत होता. आणि ते हसत होते. जोडपी नाचत होती. मामा म्हणाले, "हेच का रे तुझे मास्तर?" त्या 'हेच का'मध्ये जे होते ते माझ्या चौदा वर्षांच्या मनाने पुरते उचलले.

मी घरी आलो आणि जाहीर केले, की मला या मास्तरांकडे शिकायचे नाही. कारण काय दिले ते आठवत नाही; खरे कारण दिले नाही हे नक्की. मला वाटले होते की मास्तरांनी मला फसवले. दिवसा मला देव दाखवायचा आणि रात्री तेच हात भलतीकडे लावायचे! पुढच्या वाराला ते आले तेव्हा मी आतल्या खोलीत बसून राहिलो आणि धाकट्या बहिणीला सांगायला लावले, की दादा घरी नाही. माझ्या चपला दारातच होत्या. त्यांनी त्या पाहिल्या असणार. आरियाचा तो हस्तलिखित कागद त्या वेळी बोटांचे आकडे सुधारण्यासाठी त्यांच्याकडे होता. तो त्यांनी बहिणीच्या हाती दिला आणि ते जिना उतरून गेले. पुन्हा आले नाहीत.

आता कळते, की मास्तर दोन माणसे नव्हते. रविवारी सकाळी चर्चमध्ये आणि शनिवारी रात्री उपाहारगृहात वाजवणारा हात एकच होता. पॅरिसच्या त्या मंडळींनी १९६३ साली तबकडीवर जे जुळवले ते धोबी तलावच्या कुडातल्या एका माणसाच्या अंगी आधीच जुळलेले होते. मला ते दिसले आणि मी दार लावून घेतले. स्विंगल सिंगर्सवरचा माझा राग हा त्या बंद दाराचा राग होता. ती तबकडी खरी ठरली तर मी खोटा ठरत होतो.

इथेच लेख संपवता आला असता. जुन्याशी निष्ठा म्हणजे त्याची हुबेहूब नक्कल नव्हे; त्याला आपला श्वास देणे ही सुद्धा निष्ठाच. हे खरे आहे आणि ते यापूर्वी पुष्कळांनी सांगितले आहे. पण ती तबकडी पुन्हा पुन्हा ऐकताना माझ्या मनात दुसरीच गोष्ट खुपू लागली, आणि ती अशी होती की तिच्यापुढे माझा जुना आक्षेप क्षुल्लक वाटावा.

त्या तबकडीवर दोन पूर्वजांची पुंजी आहे. एक बाख. त्याचे नाव मथळ्यात आहे, त्याचे स्वर प्राणपणाने सांभाळले आहेत, त्याचे ऋण पैपैने फेडले आहे. दुसरा पूर्वज म्हणजे ती झुलणारी लय आणि ती 'दा बा दा'. ही कोणाची? ती शोधून काढणाऱ्यांची वंशावळ कोठे छापलेली नाही. गुलामांच्या जहाजांतून अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांनी ती घडवली. कापसाच्या शेतांत, चर्चमध्ये, न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यांवर. १९२६ साली लुई आर्मस्ट्राँगने 'हीबी जीबीज' या ध्वनिमुद्रिकेत शब्द सोडून नुसत्या अक्षरांनी गायले. गाताना शब्दांचा कागद हातातून पडला म्हणून तसे झाले अशी दंतकथा आहे. वास्तविक त्याच्या आधीही लोक तसे गात. पण त्यांची नावे बहुतेकांना ठाऊक नसतात. बाखचा एक स्वर इकडचा तिकडे झाला तर आपण अपमान म्हणतो. या दुसऱ्या पूर्वजाच्या बाबतीत मात्र अपमानाचा प्रश्नच माझ्या मनात कधी आला नव्हता. उलट, त्याच्या स्पर्शाने बाख विटाळला असेच मला वाटले होते! माझ्या आक्षेपाचे खरे नाव हे होते. मामांच्या 'हेच का'चेही हेच नाव.

ती तबकडी निघाली ते १९६३ साल कोणते होते? स्विंगलच्या त्याच अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात त्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंगच्या नेतृत्वाखाली काळी माणसे आणि त्यांची मुले रस्त्यावर उतरली होती. १५ सप्टेंबरला, रविवारी, तिथल्या सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये गोऱ्या वंशद्वेष्ट्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटला आणि चार मुली ठार झाल्या. ज्या समाजाची लय घेऊन पॅरिसमध्ये बाख आनंदाने झुलत होता, त्या समाजाच्या मुलींना स्वतःच्या चर्चमध्येही जीव सांभाळता येत नव्हता. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, हे मला कळते. स्विंगलने कोणाचे काही हिसकावून घेतले असेही मी म्हणणार नाही. त्याने तबकडीच्या नावातच 'जाझ' हा शब्द आधी घातला होता. त्याआधी तो मिमी पेरँच्या 'डबल सिक्स' या गायकवृंदात क्विन्सी जोन्ससारख्या काळ्या संगीतकाराच्या रचना गात होता. १९६६ साली त्याच्या गायकांनी मॉडर्न जॅझ क्वार्टेटबरोबर 'प्लास वाँदोम' ही ध्वनिमुद्रिका केली. त्या क्वार्टेटचा धुरीण जॉन लुइस हा काळा पियानोवादक स्वतः बाखचा एवढा भक्त, की तो जॅझमध्ये फ्यूग रचीत असे. देवघेव दोन्ही अंगांनी चालली होती आणि ती प्रेमाची होती.

पण दोष नसला तरी ऋण असू शकते. आपण या दोन गोष्टींची नेहमी गल्लत करतो. मी चोरी केली नाही, एवढे सिद्ध झाले की मी कोणाचे देणे लागत नाही असे आपल्याला वाटते. आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगितले. तिन्हीही अशांची की ज्यांची नावे घेता येतात. निदान तर्पणाच्या वेळी ओंजळीत पाणी धरून गोत्र तरी उच्चारता येते. ज्यांचे नाव आणि गोत्र दोन्ही ठाऊक नाहीत त्यांच्या ऋणाचे काय करायचे? आणि जगातले बहुतेक ऋण तर असेच असते. रचनाकाराचे नाव राहते. त्याला चाल पुरवणाऱ्या बाईचे, त्याचे स्वर उतरवून देणाऱ्या नकलनविसाचे, ताल शोधणाऱ्या मजुराचे राहत नाही.

मुंबईत याचे एक उदाहरण घडले आहे. अँथनी गोन्साल्विस हे गोव्याहून आलेले व्हायोलिनवादक. हिंदी चित्रपटसंगीताची वाद्यरचना करणाऱ्यांत त्यांचे स्थान मोठे. पण पडद्यापुढच्या प्रेक्षकाला या कामाची आणि ते करणाऱ्यांची नावे क्वचितच ठाऊक असत. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातल्या एका गमतीच्या गाण्यात गुरूचे ते पूर्ण नाव आले आणि साऱ्या देशाच्या तोंडी गेले. लोक हसले, नाचले. शिष्याने मात्र नाव घेतले होते. त्या गाण्यावर मीही हसलो होतो, आणि तेव्हा मला माझे मास्तर आठवले नाहीत.

स्विंगल सिंगर्सच्या पुढच्या तबकड्या मी ऐकल्या. मोझार्ट आला, रोमँटिक काळातले संगीतकार आले. गाणे तेवढेच सफाईचे. पण पहिल्या तबकडीतला शोधाचा आनंद कमी कमी होत गेल्यासारखा वाटला. जे सापडले होते ते हळूहळू साचा झाले. असे वाटत असतानाच मी १९६८ सालच्या एका कृतीपाशी येऊन थांबलो.

त्या वर्षी ४ एप्रिलला मेम्फिस शहरात किंगची हत्या झाली. १० ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये लुचानो बेरिओ या इटालियन संगीतकाराची 'सिन्फोनिया' प्रथम वाजली. प्रचंड वाद्यवृंद, आणि त्यात मायक्रोफोनपुढे बसलेले आठ आवाज. ते आठ आवाज स्विंगल सिंगर्सचेच होते. बेरिओने ती कृती त्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली होती. तिच्या दुसऱ्या भागाचे नाव 'ओ किंग'. तो किंगच्या स्मृतीला वाहिलेला आहे.

या भागात शब्द नाहीत. सुरुवातीला फक्त स्वर लांबवलेले: 'आ', 'ओ', 'ई'. वाद्ये मधूनच एखादा आघात करतात आणि पुन्हा शांत होतात. ऐकणाऱ्याला वाटते, ही तीच जुनी निरर्थक अक्षरे, फक्त लय काढून घेतलेली. मग एखादे व्यंजन येते. मग दुसरे. एका गळ्यात एक तुकडा, दुसऱ्या गळ्यात दुसरा. काही मिनिटे हे तुकडे अंधारात एकमेकांना चाचपत राहतात, आणि शेवटाकडे ते जवळ येतात तेव्हा कळते, की ही सगळी अक्षरे पहिल्यापासून एकाच नावाची होती. मार्टिन ल्यूथर किंग.

मी हे रात्री एकटा ऐकत होतो. पाच वर्षांपूर्वी ज्या गळ्यांनी उसन्या अक्षरांवर बाखला झुलवले होते, त्याच गळ्यांना आता त्या अक्षरांमधून एक नाव जुळवायचे होते. आणि ते नाव, ज्यांची ती अक्षरे मुळात होती, त्यांच्यातल्या एका मारल्या गेलेल्या माणसाचे होते. बेरिओच्या मनात हे ऋणाचे गणित होते असे माझे म्हणणे नाही. ऐकताना मला मात्र तेच ऐकू आले. नाव घेतल्याने देणे फिटत नाही. पण त्या चार मिनिटांत नाव घेणे किती अवघड असते ते दिसते. अर्धे ओठांवर येते आणि परत जाते, दुसऱ्या कोणाला तरी ते पुढे न्यावे लागते. एका गळ्याचे ते कामच नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. आरियाचा कागद तिच्यात होता. कडा पिवळ्या पडून तुटत होत्या. शाई विटली होती, पण पेन्सिलीचे आकडे अजून वाचता येत होते. दोनतीन ठिकाणी जुना आकडा खोडून नवा घातलेला. आमच्या दाराशी येऊन परत जाण्याच्या आधी, माझ्या आखूड करंगळीचा विचार करून, मास्तरांनी केलेली ती सुधारणा.

मी नातीला हाक मारली, तिला तो कागद दाखवला आणि चपलांची गोष्टही सांगितली. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. तिने कागद दोन्ही हातांत धरून निरखून पाहिला.

"वर बाखचं नाव आहे," ती म्हणाली. "यांचं कुठे आहे?"

"त्यांनी घातलं नाही."

"पण नाव काय होतं त्यांचं?"

दोन वर्षे ते आमच्या घरी येत होते. माझी बोटे त्यांनी एकेक करून तारेवर ठेवली होती. आई त्यांना चहा देई, वडील महिन्याच्या पहिल्या तारखेला पाकीट देत, आणि दारावरची घंटा वाजली की आम्ही सगळे एकच शब्द म्हणत असू.

"मास्तर," मी म्हणालो.

ती वाट पाहत राहिली. तिला वाटले, मी पुढे काही सांगणार आहे.